मांगरातली केसाळ गोळी: कोकणात शिकारी पक्ष्यांच्या खुणा कशा वाचाव्यात

चार वर्षांपूर्वी देवदिवाळीच्या सुमारास आमच्या मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, दारात सहा-सात काळ्या गोळ्या पडलेल्या दिसल्या. अंगठ्यापेक्षा जाड, वार्निश मारल्यासारख्या चकचकीत. एक उचलली तर आत केस. दुसरी दाबली तर पिवळा दात बाहेर आला. शेजारची काकी दुरूनच ओरडली, "हात लावू नको रे, ह्या कोणीतरी केलेला आसा!" संध्याकाळी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणंही झालं. रात्री सहज म्हणून वाशांवर बॅटरी मारली, तर पिंपळपानासारखा पांढरा चेहरा माझ्याकडे टक लावून बघत होता. गव्हाणी घुबड. करणी त्याचीच होती.

तेव्हापासून मला खाली बघून चालायची खोड लागली. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे सडे (कातळाची पठारं), व्हाळ (ओढे), जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी आणि पुळणी (समुद्रकाठची वाळू) यांवर शिकारी पक्षी काय काय टाकून जातात ते बघत फिरतो. सुरुवातीची दोन वर्षं निम्म्याहून जास्त खुणा चुकीच्या वाचल्या. उदमांजराची लेंडी घुबडाची म्हणून जपून ठेवली आणि दगडफुलाचे फोटो ससाण्याची शीट म्हणून मित्रांना पाठवले. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे. यासंबंधी वाचायला मिळतं ते बहुतेक थंड, कोरड्या देशांतलं असतं. आपल्याकडची दमट हवा, जांभा दगड आणि समुद्र यांमुळे बऱ्याच गोष्टी बदलतात.

सोबत काय घ्याल

- दहा रुपयांचं नाणं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फोटोत शेजारी ठेवलं की माप आपोआप मिळतं. नाण्याशिवाय काढलेला गोळीचा फोटो कुणालाही ओळखता येत नाही.
- रबरी हातमोजे आणि मास्क. माळ्यावर किंवा मांगरात शिरणार असाल तर मास्क हवाच. वाळलेल्या शिटेची धूळ छातीत जाणं बरं नव्हे.
- चिमटा, दोन जाड टाचण्या, दात घासायचा जुना ब्रश, दहा पट मोठं दाखवणारं भिंग.
- कागदी पाकिटं. प्लास्टिकच्या पिशवीत गोळी ओल धरते आणि दोन दिवसांत बुरशी येते.
- वही आणि पेन्सिल. घामाच्या हातानं पेनाची शाई फिसकटते.
- काठी. सड्यावर दगड हातानं उलटायचा नाही. आपल्या कातळावर फुरसं किती असतात ते मी सांगायला नको.
- दुर्बीण असेल तर ८×४२ची. नसली तरी अडत नाही.

कागदपत्रं फार लागत नाहीत, पण ओळखपत्र खिशात असू द्या. बंदराजवळ किंवा खाडीच्या तोंडाशी गळ्यात दुर्बीण अडकवलेला अनोळखी माणूस दिसला की लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. खाजगी बागेत शिरण्याआधी मालकाला सांगा. तोंडी सांगितलं तरी चालतं, पण आंब्याच्या दिवसांत राखणदाराला नाव माहीत असलेलं बरं. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका.

१. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्या

मृग लागला की आपल्याकडे खुणा उरतच नाहीत. केसांची गोळी दोन सरींत विरघळते, शीट वाहून जाते, पिसांचा चिखल होतो. कोरड्या जागी, म्हणजे कौलांखाली किंवा कपारीत पडलेल्या गोळ्या टिकतात, पण त्यांनाही पतंगांच्या अळ्या लागतात. या अळ्या केस खातात. महिन्या-दोन महिन्यांनी बघावं तर गोळीच्या जागी हाडांची ढिगुळी आणि भुसा. अशी ढिगुळी मिळाली तर फेकू नका, कवट्या तशाच असतात.

खरा हंगाम नोव्हेंबर ते मे. समुद्र गरुडाची वीण हिवाळ्यात असते आणि स्थलांतर करून आलेले भोवत्या, बहिरी ससाणा, मासे पकडणारा ऑस्प्रे हे शिकारी पक्षी याच दिवसांत किनाऱ्यावर असतात. भातकापणीनंतर खळी भरली की गव्हाणी घुबडाचीही चंगळ. वेळ सकाळची. रात्रीची गोळी तेव्हा ओलसर असते आणि कावळ्यांनी पिसं उधळलेली नसतात.

२. खाली बघण्याआधी वर बघा

माझ्या सगळ्या चुकांचं मूळ एकच होतं. वस्तू दिसली की मी तिच्यावर झडप घालायचो. आता उलटं करतो. वस्तू जिथे पडली आहे तिथे उभं राहून आधी मान वर करतो. वर काय आहे? वासा, आडवी फांदी, विजेचा खांब, कपार, की नुसतं आकाश? शिकारी पक्षी ठरलेल्या जागी बसून खातो, ठरलेल्या जागी झोपतो. वर बसायला जागाच नसेल तर ती खूण बहुधा पक्ष्याची नव्हे, किंवा वाऱ्यानं अथवा मांजरानं तिथे आणलेली आहे.

कुठे बघायचं, तर:

मांगर, पडकी घरं, देवळांचे माळे इथे गव्हाणी घुबड. जुन्या आंब्याच्या ढोलीखाली पिंगळा. बंद पडलेल्या चिरेखाणीच्या उभ्या भिंतीत शृंगी घुबड; चिरे काढून राहिलेल्या पायऱ्या त्याला आयत्या मिळतात. बारमाही व्हाळाच्या काठच्या दाट झाडीत आणि पाण्यातल्या मोठ्या धोंड्यांवर मत्स्य घुबड. कलमांच्या बागेत, गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा खालच्या फांदीवर शिक्रा. खाडीच्या तोंडाशी असलेली उंच सुरू, पिंपळ, रायवळ आंबा ही समुद्र गरुडाची झाडं. बंदरातले दिव्यांचे खांब आणि माडांचे शेंडे घारींचे. काळी घार आणि तांबूस ब्राह्मणी घार, दोघींचेही.

गिधाडं बघायची असतील तर उत्तरेला रायगडात जावं लागेल. म्हसळ्याजवळच्या चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वीण होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं त्या पट्ट्यातली उंच झाडं भुईसपाट केली. डायक्लोफिनॅक हे जनावरांना देण्याचं वेदनाशामक मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांना मारत होतं. त्यावर २००६ साली बंदी आली, पण गिधाडांची संख्या त्याआधीच कोसळली होती. आता त्यांच्या झाडाखाली खुणा शोधायला जाऊ नका. जे उरलेत त्यांना शांतता द्या.

३. पांढरे डाग

पक्ष्याच्या शिटेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, पक्ष्यांची लघवीच म्हणा. शिकारी पक्ष्यांत तो भरपूर असतो, म्हणून बैठकीखाली चुना सांडल्यासारखं दिसतं. पण सांडण्याची तऱ्हा वेगळी.

गरुड, घार, शिक्रा शेपटी उचलून शीट जोरात मागे फेकतात. त्यामुळे झाडाखाली लांब, फटकाऱ्यासारख्या रेघा दिसतात, त्याही बुंध्यापासून अंतरावर. घरट्यात पिल्लं असली की तीही काठाशी येऊन बाहेरच फेकतात आणि झाडाभोवती पांढरं कडं तयार होतं. हे कडं दिसलं की घरटं चालू आहे असं समजा आणि लांबूनच परत फिरा. घुबडं आणि ससाणे सरळ खाली सोडतात. वाशाखाली भिंतीवर उभे ओघळ आणि जमिनीवर जाड चुनकट थापे हे घुबडाचं.

फसण्याच्या जागा तीन. पहिली, बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची वसाहत. त्यांच्या झाडाखाली इतकं पांढरं होतं की पाला जळतो. पण तिथे वास मासळीबाजाराचा असतो आणि डाग शेकड्यांनी. शिकारी पक्ष्याची बैठक एकट्या-दुकट्याची. दुसरी, वटवाघळांचं झाड. तिथे डाग काळपट-तपकिरी आणि खाली चघळून थुंकलेला फळांचा चोथा. तिसरी, दगडफूल. जांभ्यावर आणि कड्यांवर पांढरट राखाडी दगडफुलाचे गोल ठिपके असतात, लांबून हुबेहूब शीट. दुर्बिणीतून बघा. शीट वरून खाली ओघळते, दगडफूल चहूबाजूंनी गोल वाढतं. मी विजयदुर्गच्या बाजूच्या एका कड्याला वर्षभर ससाण्याचा कडा म्हणत होतो. तिथे एकही ससाणा नव्हता.

४. गोळी कोणाची?

शिकारी पक्षी जे पचवू शकत नाही, केस, पिसं, हाडं, नख्या, भुंग्यांची टणक आवरणं, त्याची पोटात गुंडाळी होते आणि खाल्ल्यावर काही तासांनी तो ती तोंडावाटे टाकतो. पुस्तकात तिला पेलेट म्हणतात. आम्ही आपसात गोळीच म्हणतो. ती विष्ठा नव्हे हे आधी डोक्यात पक्कं करा, म्हणजे हात लावायला किळस वाटत नाही.

पहिली चाचणी: आत सबंध हाडं आहेत का? घुबडं लहान शिकार अख्खी गिळतात आणि त्यांचा जठररस तुलनेनं सौम्य, त्यामुळे कवट्यासुद्धा शाबूत निघतात. गरुड, घारी, शिक्रे शिकार फाडून खातात आणि त्यांचं पोट हाडं बरीचशी विरघळवून टाकतं. त्यांच्या गोळीत केस, पिसं, खवले, नख्या मिळतात. हाड असलंच तर एखादा झिजलेला तुकडा. एवढ्या एका फरकावर निम्मं काम होतं.

आता घुबडाघुबडांतला फरक.

गव्हाणी घुबडाची गोळी साधारण ४ ते ५ सेंटीमीटर लांब, दोन्ही टोकांना गोलसर, घट्ट, ताजी असताना काळी चकचकीत. एकाच जागी ढीग सापडतो.

पिंगळ्याची बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नाही. ठिसूळ. आत मुख्यतः कीटक: नाकतोड्यांचे पाय, भुंग्यांची चमकदार पंखझाकणं. आमच्या माडांच्या बागेजवळच्या गोळ्यांत माड पोखरणाऱ्या गेंडा भुंग्याचे तांबूस-काळे तुकडे निघाले तेव्हा वडिलांनी पिंगळ्याला ढोलीसकट माफी दिली. ते झाड तोडायचं ठरलं होतं.

शृंगी घुबडाची मोठी, ओबडधोबड. त्यात घुशीचे जाड केस, सशाची लव, पक्ष्यांचे पाय. चिरेखाणीच्या कडेला अशी गोळी मिळाली तर अंधार पडेपर्यंत थांबा. घुमणारा आवाज येईल.

मत्स्य घुबडाची गोळी बहुतेक वेळा गोळी राहतच नाही. कुर्ल्यांची कवचं, माशांची हाडं, बेडकांची हाडं यांना बांधून ठेवायला केस नसतात, म्हणून ती पडली की फुटते. व्हाळातल्या धोंड्यावर पांढरा थापा आणि शेजारी कुर्लीच्या नांगीचे तुकडे अशी जोडी मिळते.

आणि इथेच नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो. पाणमांजरही नेमकं तशाच धोंड्यावर विष्ठा टाकतं आणि तिच्यातही खवले आणि कुर्ल्यांचा चुरा असतो. फरक वासाचा. पाणमांजराची विष्ठा पाच पावलांवरून कुजक्या मासळीसारखी दरवळते. घुबडाच्या तुकड्यांना वास जवळपास नसतो. शिवाय पाणमांजर काठाशी ओले पंजे उमटवून जातं.

गडग्यावर केसाळ काही मिळालं तर टोकं बघा. टोक निमुळतं, वळवलेलं, पीळ पडलेलं असेल तर ती रानमांजराची किंवा बिबट्याची विष्ठा. बिया असतील तर उदमांजर, ते फळं खातं आणि मुद्दाम उघड्या जागी घाण करतं. शिकारी पक्ष्याच्या गोळीत फळांच्या बिया नसतात. सापडल्याच तर त्या शिकारीच्या पोटातल्या.

गोळ्या टाकणारे बिनशिकारी पक्षीही आहेत: कावळा, बगळा, खंड्या, वेडा राघू. कावळ्याच्या गोळीत भाताचं तूस, खडे आणि हल्ली प्लास्टिकचे तुकडेही. वेडा राघूची तर हरभऱ्याएवढी, माश्यांच्या-मधमाश्यांच्या पंखांची.

५. गोळी उघडून बघणं

हा भाग मला सर्वांत आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

घाई नसेल तर गोळी दोन दिवस सावलीत वाळू द्या. वर्तमानपत्र नको, पांढरा कागद पसरा. छापील अक्षरांवर बारीक हाडं दिसत नाहीत. हातमोजे घाला. आधी फोटो, माप, मगच टाचणी. भिजवून उघडायचीही पद्धत आहे, कोमट पाण्यात अर्धा तास. पण भिजल्यावर केसांचा लगदा होतो आणि चिमुकले जबडे त्यात हरवतात. मी कोरडीच उघडतो. मधोमध तोडू नका, आडवी धरून कडेनं केस सुटे करत या.

गेल्या जानेवारीतली एक नोंद वहीतून देतो. मांगर, गोळी ४६ मिलिमीटर. कवट्या दोन निघाल्या. पहिलीला पुढे लांब, बाकदार, नारिंगी-पिवळे दात आणि त्यांच्या मागे मोकळी जागा, मग दाढा. हा उंदीर. कुरतडणाऱ्या प्राण्यांना सुळे नसतात, तिथेच ती फट असते. दुसरी कवटी लांबट, चिंचोळी, दात पांढरे, टोकदार, एकाला एक लागून, फट नाही, गालाची कमान नाही. ही चिचुंद्री. मला वाटलं झालं, दोन जीव. पण केसांत खालच्या जबड्याचे अर्धे भाग पाच मिळाले: उंदराचे तीन, चिचुंद्रीचे दोन. एका उंदराला जबड्याचे अर्धे दोनच असतात, म्हणजे उंदीर किमान दोन. दुसऱ्याची कवटी चुरगळली होती, तिचे कागदासारखे पातळ तुकडे मग सापडले. एका रात्रीत, एका पोटात, तीन जीव.

म्हणून मोजणी नेहमी कवट्या आणि जबड्यांवरून करा. पायांची हाडं मोजत बसलात तर एका उंदराचे तीन होतात. लांब टोकदार सुळे असलेली चिमुकली कवटी वटवाघळाची. दात नसलेली, फुग्यासारखी पातळ कवटी आणि चोच असेल तर पक्षी. लांब, सरळ, काड्यांसारखी कमरेची हाडं आणि कवटीचे चपटे तुकडे म्हणजे बेडूक.

झाल्यावर हाडं पुन्हा मातीत पुरा, हात साबणानं धुवा आणि लहान मुलांना बोटं तोंडात घालू देऊ नका. गोळीत पोटाचे जंतू असू शकतात. ज्या ताटलीत हे केलंत ती पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. आईचा ओरडा मी खाल्लेला आहे.

६. पिसांचा पसारा

कलमाखाली होल्याची किंवा पारव्याची पिसं गोल पसरलेली दिसली की लोक म्हणतात, मांजरानं खाल्लं. असेलही. पण एक मोठं पीस उचला आणि देठाचं टोक बघा. शिकारी पक्षी पिसं उपटतो, त्यामुळे देठ टोकापर्यंत शाबूत असतो. फार तर चोचीनं दाबल्याचा बाक किंवा चिमटा दिसतो. मांजर, मुंगूस, कोल्हा पिसं चावून तोडतात. देठ कातरलेला, चिंबलेला आणि पाच-सहा पिसं लाळेनं एकत्र चिकटलेली.

शिक्रा बहुधा बैठकीवर नेऊन सोलतो, म्हणून पिसांचा ढीग फांदीखाली किंवा गडग्यावर आणि कडेला शिटेचा फटकारा. बहिरी ससाणा मोठ्या पक्ष्याचे पंख खांद्याच्या हाडांसकट जोडलेलेच टाकून देतो, मधलं मांस खाऊन. छातीच्या हाडाच्या पात्यावर चोचीनं घेतलेले त्रिकोणी चावे दिसतात. पुळणीवर एखाद्या कुरव पक्ष्याचे असे जोडपंख मिळाले तर आसपासचा सर्वांत उंच खांब किंवा कडा शोधा.

दोन सूचना. रात्री मांजर येऊन ससाण्याची शिकार पुढे खातं, मग दोन्ही तऱ्हेच्या खुणा एकत्र मिळतात आणि डोकं भंजाळतं. अशा वेळी वहीत दोन्ही लिहा, निकाल देऊ नका. दुसरी, सुटं एकच पीस म्हणजे शिकार नव्हे. ते नुसतं गळलेलं असतं. ते घुबडाचं आहे का हे बोटांनी कळतं: वरची बाजू मखमलीसारखी आणि पंखाच्या सर्वांत बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते. त्यानंच घुबड आवाज न करता उडतं. गंमत म्हणजे मत्स्य घुबडाकडे ही सोय नाही. पाण्यातल्या माशाला पंखांचा आवाज कुठे ऐकू जातो?

बोरी-बाभळीच्या काट्यावर टोचलेला सरडा किंवा नाकतोडा दिसला तर तो खाटीक पक्ष्याचा उद्योग. शिकार करतो, पण या लेखातल्या मंडळींत त्याची गणती होत नाही.

७. समुद्र गरुडाच्या झाडाखाली

पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड हे आपल्या किनाऱ्याचं वैभव आहे आणि त्याच्याबाबत मी केलेली चूक तुम्ही करू नका. काटक्यांचं हे प्रचंड घरटं वर्षानुवर्षं तेच वापरलं जातं, दर हंगामात भर घालून. खाली पसारा पडतो: शिंगाळा माशाच्या कवटीची जाड हाडं आणि करवतीसारखे काटे, बोय माशाचे खवले, आणि समुद्रसापांचे मणके. हे मणके माळेसारखे जोडलेले मिळतात. शेपटीकडची बाजू वल्ह्यासारखी चपटी असेल तर समुद्रसापच. इतक्या प्रमाणात समुद्रसाप आपल्याकडचा दुसरा कुठलाही शिकारी पक्षी खात नाही, त्यामुळे ही खूण जवळजवळ सहीसारखी आहे. डोकं शिल्लक असलेला साप हातानं उचलू नका. मेलेल्या समुद्रसापाचेही विषदंत शाबूत असतात.

काळ्या घारीचं घरटं लहान आणि त्यात चिंध्या, कागद, प्लास्टिक खोचलेलं असतं. चिंधी लोंबताना दिसली तर गरुडाच्या आशेवर पाणी सोडा.

माझी चूक अशी: पहिल्या वर्षी असं झाड सापडल्याच्या आनंदात मी खाली बसून तासभर हाडं वेचत होतो. वर पक्षी बदकासारखा खणखणीत ओरडत घिरट्या घालत होता आणि मी खूश, की काय छान दर्शन देतोय. बागेचा राखणदार आजा लांबून हाक मारून म्हणाला, "ऊठ थंयसून. ता तुकाच बघून आराडता हा." घरट्यात पिल्लू होतं आणि आईबाप तासभर उन्हात त्याच्यापाशी उतरू शकले नव्हते. आता मी ऑक्टोबर ते मार्च अशा झाडाखाली जात नाही. एप्रिलमध्ये, पिल्लू उडाल्याची खात्री झाल्यावर, सकाळी दहा मिनिटं.

८. वाळूवर

पुळणीवरच्या खुणा भरतीपर्यंतच्या, म्हणून पटकन. घारीनं खेकडा किंवा मासा उचलला तर वाळूत नख्यांचे चार-पाच खोल ओरखडे आणि दोन्ही बाजूंना पंखांच्या टोकांनी मारलेले पंख्यासारखे फराटे मिळतात. त्यापुढे पाऊलखुणा नाहीत. खेकड्याची धाव येते आणि तिथेच संपते. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर पिल्लांच्या बारीक मागांचंही कधी असंच होतं. पण कावळा आणि कुत्रा तिथे जास्त गुन्हेगार, आणि त्यांची पावलं शेजारी उमटलेली असतात. कावळा चालत येतो, घार आकाशातून.

९. नोंद आणि कायदा

तारीख, जागा, वर काय होतं, माप, फोटो. एवढं जागच्या जागी लिहा, घरी जाऊन नको. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकणार असाल तर घरट्याचं नेमकं ठिकाण लपवा. आयनॅचरलिस्टमध्ये तशी सोय आहे. गावच्या व्हॉट्सॲप गटावर तर अजिबात टाकू नका. घुबडं जादूटोण्यासाठी पकडणारी माणसं अजून आहेत.

पिसं, अंडी, घरट्याचा कुठलाही भाग घरी आणायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गळून पडलेलं पीसही येतं. मोरपिसांना जी सूट आहे ती गरुडाच्या पिसाला नाही. माझ्या दिवाणखान्यात फुलदाणीत एक खोचलेलं होतं. ओळखीच्या वनरक्षकानं चहा पिता पिता शांतपणे त्याच्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हाच बाहेर जाऊन ते पुरलं. गोळ्या अभ्यासासाठी घरी आणायच्या असतील तर आधी वनखात्यालाच विचारा. शाळेसाठी हव्या असतील तर शाळेच्या नावानं लेखी विचारा.

मांगरात घुबड राहतं हे कळल्यावर उंदरांचं विषारी औषध ठेवणं बंद करा. विष खाऊन मंदावलेला उंदीर घुबड सहज पकडतं आणि ते विष त्याच्याही पोटात जातं.

१०. पक्षीच पडलेला मिळाला तर

बरेच पक्षी एकाच जागी मेलेले दिसले तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला आणि वनखात्याला कळवा. बर्ड फ्लूची शंका आधी फेडलेली बरी. एकटा मेलेला असेल तर फोटो काढा, वर विजेच्या तारा आहेत का बघा, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

जिवंत पण जखमी असेल तर पंचा किंवा जाड टॉवेल वरून टाका. चोचीपेक्षा नख्या जपा, शिक्र्याएवढ्या पक्ष्याच्या नख्याही बोटातून आरपार जातात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला जुनं कापड घालून ठेवा, खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. कोंबडीचे तुकडे भरवू नका. १९२६ वर फोन करा आणि माणसं येईपर्यंत वाट बघा. आणि झाकण दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. मी बघत होतो. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा पिंगळा माझ्या डोक्यावरून उडून थेट देवघरात जाऊन बसला, आणि त्याला तिथून खाली आणायला काकीला बोलवावं लागलं.